मत, वर्तन आणि गट
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



एखाद्या गावी सभा उत्तम होते, श्रोते माना डोलावतात, ठरावाला हात वर होतात. आणि महिन्याभराने कार्यकर्ता पुन्हा तेथे जातो, तेव्हा गावात तसूभरही फरक पडलेला नसतो. लोक ढोंगी आहेत, असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो. सामाजिक मानसशास्त्राला हा निष्कर्ष पुरेसा वाटत नाही. माणसाचे मत आणि त्याचे वर्तन यांतील अंतर हा या शास्त्राचा एक मूलभूत प्रश्न आहे.

व्यक्ती, समाज वा वस्तू यांविषयी अनुकूल वा प्रतिकूल प्रतिसाद देण्याचा मनाचा जो टिकाऊ कल असतो, त्याला अभिवृत्ती म्हणतात. तिच्यात समजुती असतात, भावना असतात आणि कृतीची प्रवृत्तीही असते. ही तिन्ही अंगे एकाच दिशेने चालतात, असे मानण्याकडे सर्वांचाच ओढा असतो. (अर्थशास्त्रज्ञांचा तर फारच, माणूस आपल्या आवडीनिवडी खिशात घेऊन बाजारात येतो, या गृहीतावरच त्यांचा बराचसा डोलारा उभा आहे.)

रिचर्ड लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३० ते १९३२ या काळात एका तरुण चिनी दांपत्याबरोबर अमेरिकेत प्रवास केला. चिनी मजुरांच्या प्रवेशावर त्या देशात १८८२ पासून कायद्याने बंदी होती आणि चिनी लोकांविषयीचा द्वेष उघड होता. तिघे मिळून २५१ हॉटेले व उपाहारगृहांत गेले. नकार मिळाला तो एकाच ठिकाणी. सहा महिन्यांनी लापिएरने त्याच ठिकाणी पत्रे पाठवून विचारले, ‘आपण चिनी गिऱ्हाइके घ्याल काय?’ १२८ उत्तरे आली. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक नकारार्थी होती. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासावर आक्षेपही आले. पत्राला उत्तर देणारा आणि दारात गिऱ्हाइकाला सामोरा जाणारा माणूस एकच होता कशावरून? शिवाय त्या दांपत्यासोबत एक गोरा प्राध्यापक होता. आक्षेप रास्त आहेत. पण त्यांतूनच मुद्दा स्पष्ट होतो. पत्रात ‘चिनी’ हा एक शब्द होता. दारात नीटनेटक्या वेशातली, हसून बोलणारी दोन माणसे उभी होती.

महाराष्ट्राने याचीच उलटी बाजू पाहिली आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून ठराव केला. कागदावर होकार होता. तळ्यावर नकार कायम राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हाच खरी अभिवृत्ती उघडी पडली. आता हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी आवई उठली, परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. त्या गर्दीत अस्पृश्यता मनातून न मानणारे कोणीच नसेल, असे नाही. पण असा माणूस आपल्या ज्ञातीत एकटा असतो, निदान आपण एकटे आहोत असे त्याला वाटते.

हे एकटेपण किती जाचक असते, ते सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात रेषांच्या लांबीसारख्या निरुपद्रवी विषयावर दाखवून दिले. आधीच पढवून ठेवलेले सर्व सोबती एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागले की, प्रत्यक्ष डोळ्यांना दिसणारे सत्य सोडून सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताच्या बाजूने जात. मात्र एकच सोबती खरे बोलणारा निघाला, तर हे प्रमाण जवळजवळ चतुर्थांशावर येई.

मग मते बदलतात तरी कशी? नाझी राजवटीमुळे १९३३ साली जर्मनी सोडावा लागलेल्या कुर्ट लेविन यांच्यापुढे अमेरिकेत हाच प्रश्न युद्धकाळात अगदी घरगुती रूपात आला. मांसाची टंचाई होती. हृदय, गुर्दे असे अवयव मात्र उपलब्ध होते आणि मध्यमवर्गीय घरांत ते निषिद्धच मानले जात. लेविन यांनी स्वयंसेवक गृहिणींचे काही गट घेतले. निम्म्या गटांपुढे प्रभावी व्याख्यान झाले: पोषण, युद्धप्रयत्न, पाककृती, सर्व काही. उरलेल्या गटांत स्त्रियांनी आपापसांत अडचणी मांडल्या: नवरा नाक मुरडेल, शिजताना वास येतो. अखेरीस करून पाहायचे की नाही, हे त्यांनीच ठरवले. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के स्त्रियांनी तो पदार्थ केला होता. गटात निर्णय घेतलेल्यांपैकी ३२ टक्के. व्याख्यानांवर जगणाऱ्या चळवळींनी हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत!

तरी येथे थांबणे घाईचे होईल. नुसत्या चर्चेनेच किमया होते, असा समज या प्रयोगामुळे पसरला. १९५५ साली एडिथ बेनेट यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग करून यातील घटक सुटे केले. चर्चेने विशेष फरक पडला नाही. सर्वांदेखत हात वर केल्यानेही नाही. फरक पडला तो दोन गोष्टींनी: व्यक्तीने प्रत्यक्ष निर्णय घेणे, आणि आपल्यासारखे बहुतेकजण तोच निर्णय घेत आहेत, हे तिला जाणवणे.

सभेतले हात का फसवतात, हे यावरून कळावे. हात वर होतो तो व्यासपीठाकडे पाहून. शेजाऱ्याने मनात काय ठरवले, ते हात वर करणाऱ्याला समजलेले नसते. म्हणून कार्यकर्त्याचे काम सभा उठल्यावर सुरू होते. आळीतल्या, एकमेकांच्या नात्यागोत्यातल्या दहाबारा माणसांनी ओसरीवर बसून सोमवारी पाणी कोठून भरायचे, लग्नाच्या पंगतीत कोणी कोठे बसायचे, एवढेच ठरवायचे आणि कोण कोण तयार आहे, ते प्रत्येकाने प्रत्येकाच्या तोंडून ऐकायचे. त्या बैठकीत कार्यकर्त्याने शक्यतो बोलू नये.