अळी कोणाची, खत कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



ह्या वर्गात आपण आजवर जमीन, पाणी आणि मजुरी ह्या विषयांची चर्चा केली. आज मी कचऱ्याविषयी आणि कचरा खाणाऱ्या एका अळीविषयी बोलणार आहे, ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु हे तिन्ही प्रश्न शहराच्या उकिरड्यावर एकत्र येतात. उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली. त्यांच्या तक्रारींत विहिरींचे पाणी नासल्याची तक्रार अग्रभागी होती. शहराने खावे आणि गावाने सोसावे, असा हा व्यवहार आहे.

ह्या व्यवहाराचे मूळ जुने आहे. शेतातून धान्य, भाजी, फळे शहरात जातात. त्यांच्याबरोबर मातीतील नत्र, स्फुरद आणि पालाशही जाते. ते परत मात्र येत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग ह्याने ह्या लुटीकडे लक्ष वेधले आणि मार्क्सने १८६७ साली ‘भांडवला’च्या पहिल्या खंडात तिचा संबंध भांडवली शेतीशी जोडला. ही शेती कामगाराबरोबरच जमिनीलाही नागवते, हा त्याचा निष्कर्ष होता. पुढे तिसऱ्या खंडात त्याने लंडनचे उदाहरण दिले. पंचेचाळीस लाख माणसांचा मैला मोठा खर्च करून थेम्स नदीत सोडण्यापलीकडे त्या श्रीमंत शहराला काही सुचत नव्हते. आज आपण पालाश जवळजवळ संपूर्णपणे परदेशांतून विकत आणतो, आणि भाजीच्या देठांतून आलेले पालाश कचरा डेपोवर कुजू देतो.

आपल्या शेतकऱ्याला शेणखत आणि सोनखत ह्यांचे मोल ठाऊक होते. आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनी इंदूर येथील संस्थेत काडीकचरा व शेण ह्यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. त्यांचे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी खताचा प्रश्न भंगीमुक्तीशी जोडला. मैला वाहणाऱ्या माणसाची सुटका केल्याखेरीज खताचा विचार पुरा होत नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले. आजच्या विषयाकडे आपण ह्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

आता त्या अळीकडे वळू. ब्लॅक सोल्जर फ्लाय, म्हणजे काळी सैनिक माशी, ही मूळची अमेरिका खंडातील. परंतु आता भारतासह सर्व उष्ण प्रदेशांत ती आढळते. घरमाशीशी तिची गल्लत करू नये. ही माशी प्रौढपणी अन्न खात नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ती थोडे दिवस जगते. त्यामुळे ती आपल्या ताटावर घोंघावत नाही आणि घरमाशीसारखा रोगप्रसारही करीत नाही. मादी काही शे अंडी कचऱ्याजवळच्या कोरड्या फटीत घालते. सुमारे चार दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि पुढील दोन आठवडे अखंड खात राहतात. कोषात जाण्याची वेळ आली की त्या ओला ढीग सोडून स्वतःच कोरड्या जागेकडे सरपटत जातात. उतरती कड बांधली तर अळ्या वेगळ्या करण्याचे निम्मे काम त्या आपणच करतात.

इंडोनेशियात केलेल्या कामाच्या आधारे स्वित्झर्लंडच्या एका जलसंशोधन संस्थेने २०१७ साली ह्या पद्धतीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यातील माप सोपे आहे. साठ सेंटिमीटर लांब व चाळीस रुंद अशा एका क्रेटमध्ये पाच दिवसांच्या १०,००० अळ्या सोडल्या तर बारा दिवसांत त्या १५ किलो ओला कचरा फस्त करतात. आपण हिशेब करू. एखाद्या प्रभागातून रोज एक टन ओला कचरा येत असेल, तर रोज सुमारे ६७ क्रेट भरावे लागतील आणि बारा दिवसांच्या चक्रात सुमारे ८०० क्रेट कामात गुंतलेले राहतील. एकावर एक रचले तर पत्र्याच्या एका शेडमध्ये ते मावतात. कोरड्या वजनाने कचरा निम्म्याहून कमी उरतो. जे उरते ते अळ्यांची विष्ठा आणि न खाल्लेले शेष. आणखी काही आठवडे मुरवल्यावर त्याचे खत होते. वाढलेल्या अळ्या वाळवून कोंबड्यांना आणि माशांना खाऊ घालता येतात; त्यांच्या कोरड्या वजनात सुमारे चाळीस टक्के प्रथिने असतात.

ह्यात जादू नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अळी प्लास्टिक पचवीत नाही. कचऱ्यात कॅडमियम असेल तर ते तिच्या शरीरात साठते. मैल्यातील साल्मोनेलासारखे जंतू ती घटवते, पण जंतांची अंडी टिकून राहतात. म्हणून मैल्याचे खत उष्णता देऊन निर्धोक करावे लागते. उन्हाशिवाय माशांचे मीलन नीट होत नाही, थंडीत अळ्यांची वाढ मंदावते. आणि हे खत युरियाची जागा एका हंगामात घेईल, असे शेतकऱ्याला सांगणे ही फसवणूक ठरेल. तात्पर्य, सारी मदार कचरा वेगळा करण्यावर आहे. ओल्यात काच, बॅटरी, सॅनिटरी पॅड मिसळले की अळीचे काम बिघडते. निवडण्याचे काम यंत्र करीत नाही, हात करतात. ते हात कोणाचे आहेत, हा माझा मुख्य मुद्दा आहे.

युरोपात काय झाले ते पाहा. युरोपीय संघाने कीटकांची प्रथिने २०१७ साली मत्स्यखाद्यात आणि २०२१ साली कोंबड्या व डुकरे ह्यांच्या खाद्यात वापरण्यास परवानगी दिली. परंतु रोगांच्या भीतीने घराघरांतील उष्टे-खरकटे अळ्यांना घालण्यास मात्र तेथे मनाई आहे. सावधगिरीचा नियम समजण्याजोगा आहे. परिणाम असा की खाद्यासाठी अळ्या पोसणाऱ्या कारखान्याला कोंडा आणि तत्सम स्वच्छ माल विकत घ्यावा लागतो, आणि घरातले खरकटे तसेच राहते. अळीला बाजारभाव आहे, म्हणून भांडवल अळीमागे धावते. मातीला भाव नाही, म्हणून खत हा दुय्यम माल ठरतो. हा व्यवहार आपल्याकडे नफ्याच्या हाती सोडला तर कंपनी प्रथिने नेईल, महापालिका ठेकेदाराला टनामागे पैसे देईल आणि कचरा निवडणाऱ्या बाईला रोजंदारीवर, हातमोज्यांशिवाय, उभे केले जाईल.

दुसरा मार्ग आपल्याच राज्याने दाखविला आहे. १९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि त्यांचे सहकारी ह्यांच्या प्रयत्नाने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून तिच्या सभासदांनी महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलला. त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. सुका कचरा विकून येणारा पैसा त्यांचा, हे तत्त्व त्यांनी झगडून मिळवले. ओल्या कचऱ्याला मोल नव्हते, म्हणून त्यावर कोणी हक्क सांगितला नाही. आता अळीमुळे त्यालाही मोल येऊ लागले आहे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. तसे ते फिटत असतील तर उकिरडा उपसणाऱ्यांचे पांग आधी फिटले पाहिजेत.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. ओला कचरा शहराबाहेर न नेता प्रभागातच जिरवावा. शेडसाठी जागा, पाणी आणि वीज महापालिकेने द्यावी. केंद्र चालविण्याचा पहिला हक्क कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचा असावा, आणि अळ्यांच्या विक्रीचे उत्पन्नही तिचेच असावे. आपण कंपनीला टनामागे जेवढे देतो, तेवढेच ह्या संस्थेला द्यावे. खत तपासून, शहराला भाजीपाला पुरविणाऱ्या गावांना, विशेषतः ज्यांच्या शिवारात आजवर कचरा टाकला त्या गावांना, प्राधान्याने व माफक दराने मिळावे. हातमोजे, आरोग्यतपासणी आणि ठरावीक कामाचे तास ही मेहेरबानी नव्हे. ती कराराची कलमे असावीत.

एक शेवटची गोष्ट. नवे तंत्र आले की जुनी जात आपोआप जाईल, असे मानण्याची चूक आपण करू नये. पाटी जाऊन क्रेट आला, तरी क्रेट धुणारे हात त्याच वस्तीतले राहिले तर बदलले काय? प्रत्येक घराने आपला ओला कचरा स्वतः वेगळा करणे, ही जात मोडण्याच्या कामातील एक लहानशी पायरी आहे. आणि ती कार्यकर्त्याच्या स्वयंपाकघरापासून सुरू होते. आपल्या घरात एकाच डब्यात सारे कोंबायचे आणि सभेत कष्टकऱ्यांच्या हक्कांवर बोलायचे, हे चालणार नाही. अळी आपले काम चोख करील. आपले काम आपण करावयाचे आहे.