अंगणातला देवदूत



कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्याकडच्या आराकाताका गावात गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचं बालपण आजी-आजोबांच्या घरी गेलं. आजी भुताखेतांच्या, अशक्य कोटीतल्या गोष्टी सांगायची, त्याही शेजारी काल काय घडलं ते सांगावं तितक्या सहज. आपल्या कथनाचा सूर तिच्याकडून आला, असं मार्केस सांगत. जादुई वास्तववादाचं मर्म मला या सुरात दिसतं. लेखक चमत्कारापाशी थबकत नाही, त्याचा खुलासाही करत नाही. मग आपलं लक्ष चमत्कारावरून उठतं आणि त्याच्याभोवती जमलेल्या माणसांवर जातं.

अवाढव्य पंखांच्या म्हाताऱ्याची त्यांची 1968 सालची छोटी कथा घ्या. पावसाची झड लागलेली, घरात खेकडे शिरलेले, आणि पेलायोच्या अंगणात चिखलात एक म्हातारा पालथा पडलेला. त्याला पंख आहेत, पण मळके, पिसं झडलेले. तोंडात दात जेमतेम. शेजारीण बघताक्षणी सांगते, हा देवदूत. मग देवदूताचं काय करायचं? कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडायचं. गाव लोटतं तशी पेलायोची बायको एलिसेंडा अंगणाला कुंपण घालून माणशी पाच सेंट घेऊ लागते. पाद्री त्याच्याशी लॅटिनमध्ये बोलून पाहतो. त्याला ती समजत नाही, म्हणजे हा तोतया असणार! रोमहून पत्रांतून विचारणा होते, याला बेंबी आहे का? तो हलत नाही म्हणून लोक त्याला तापलेल्या लोखंडानं डागतात, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी येतं.

पंखांवर विश्वास ठेवायला आपल्याला कल्पनाशक्ती ताणावी लागते. हे डागणं मात्र लगेच पटतं, आणि मला त्याचीच धास्ती वाटते.

पुढे गावात एक खेळ येतो. त्यात कोळी झालेली एक मुलगी असते. तिचं तिकीट स्वस्त, शिवाय ती आपली कहाणी स्वतः सांगते: आईबापांचं ऐकलं नाही, त्याची ही शिक्षा. गर्दी तिकडे वळते. म्हाताऱ्याच्या दुःखातून असं काही हाती लागत नव्हतं. तोवर साठलेल्या पैशांतून पेलायोचं दुमजली घर मात्र उभं राहतं.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या कथेत समुद्रातून एक देखणं, भलंमोठं प्रेत वाहत येतं. गावातल्या बायका शिडाच्या कापडाची विजार शिवून त्याला घालतात, एस्तेबान असं नाव देतात. तो बेवारस जाऊ नये म्हणून गावातलेच आईबाप आणि नातलग त्याला नेमून दिले जातात. इथे माणसं इतकी मायाळू कशी? मला वाटतं, मेलेला काही मागत नाही. त्याच्यावर आपल्याला हवं तेवढं मोठेपण चढवता येतं. जिवंत म्हाताऱ्याला खायला घालावं लागतं, आणि विचारलं ते तो सांगत नाही.

दोन्ही कथांना मार्केस यांनी मुलांसाठीची गोष्ट असं उपशीर्षक दिलं, ते मला फार योग्य वाटतं. पेलायोचा लहानगा मुलगा जाळी तुटलेल्या खुराड्यात खुशाल शिरतो आणि म्हाताऱ्यापाशी खेळत बसतो. दोघांना एकाच वेळी कांजिण्या येतात. तेव्हा तपासायला आलेल्या डॉक्टरला ते पंख इतके स्वाभाविक वाटतात, की बाकीच्या माणसांना ते का नाहीत हेच त्याला कळत नाही.