रफ टर्निंग : सॉफ्टवेअरला काळा बार कसा समजावून सांगायचा

भिलाईहून बोलतोय. मागच्या भागात आपण ड्रॉइंगवरून टर्निंगचं मॉडेल कसं काढायचं ते पाहिलं. आज रफ टर्निंगचं ऑपरेशन लावायचं. कॉमेंटमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "सर, सिम्युलेशनमध्ये सगळं हिरवं दिसतं, मग मशीनवर इन्सर्ट का उडतो?" आजचा भाग या प्रश्नावरच आहे.

आधी भिलाईबद्दल दोन शब्द, कारण त्याचा आजच्या विषयाशी संबंध आहे. इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो फेब्रुवारी १९५५ मध्ये. तेव्हा हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. आज इथे १३० मीटर लांबीचे रूळ रोल होतात. एवढ्या मोठ्या कारखान्याला शाफ्ट, रोलर, कपलिंग, बुश सतत लागतात, आणि हाथखोजच्या औद्योगिक क्षेत्रातल्या छोट्या शॉपमध्ये असलीच कामं चालतात. या कामात बार कसा येतो? चकचकीत, गोल, सरळ असा येत नाही. काळा, फोर्ज केलेला, थोडा अंडाकृती, वर खवले असलेला येतो. सॉफ्टवेअरला मात्र फक्त आदर्श सिलिंडर कळतो. सगळी गडबड इथून सुरू होते.

उदाहरण घेऊ. ईएन८ चा फोर्ज केलेला बार, लांबी ६०० मिलिमीटर. शाफ्टचे टप्पे तीन : १००, ८५ आणि टोकाला ७० व्यास. एक टोक चकमध्ये, दुसऱ्याला टेलस्टॉकचा सेंटर. ऑर्डरवर बारचा व्यास लिहिलाय ११०. तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये टाकू नका. कॅलिपर घ्या आणि बार तीन-चार ठिकाणी, दोन दिशांनी मोजा. समजा सगळ्यात कमी ११२ आणि सगळ्यात जास्त ११५ आला.

आता दोन आकडे दोन कामांना वापरायचे. स्टॉक म्हणून सगळ्यात मोठा आकडा आणि वर थोडी जागा, म्हणजे ११६. कारण टूल रॅपिडने कुठपर्यंत येणार हे सॉफ्टवेअर स्टॉकवरून ठरवतं. तुम्ही ११० लिहिलं आणि क्लिअरन्स प्रत्येक बाजूला २ मिलिमीटर ठेवला, तर टूल ११४ व्यासापर्यंत रॅपिडने येईल. खरा बार ११५ आहे. म्हणजे टूल रॅपिडमध्येच बारवर आदळणार. इन्सर्ट तर जाईलच, पण जॉब चकमधून सुटला तर समोर उभ्या असलेल्या माणसाचं काय? स्क्रीनवर हे दिसत नाही, कारण स्क्रीनवरचा बार ११० चाच आहे.

सगळ्यात लहान आकडा पहिल्या कटसाठी. फोर्जिंगच्या सालीत खवले असतात, आणि टूलच्या टोकानं त्या सालीवर घासत जाणं म्हणजे इन्सर्टचा खून. पहिला कट सालीच्या खाली गेला पाहिजे, सगळीकडे. समजा ११६ वरून पहिला कट बाजूला २.८ घेतला. व्यास उरला ११०.४. जिथे बार ११२ आहे तिथे कट फक्त ०.८ चा झाला. टोक सालीतच फिरलं. म्हणून पहिला पास वेगळा लावा : बाजूला ४ मिलिमीटर, सगळ्या लांबीवर, व्यास १०८. आता बारीक जागीही २ मिलिमीटरचा कट मिळतो. आपला सगळ्यात मोठा टप्पा १०० चा, म्हणजे मटेरियलही पुरतं. या पासचा वेग कमी ठेवा, १२० मीटर प्रति मिनिट. बाकीचे कट १६० ला चालतील.

आता मुख्य ऑपरेशन. १०८ वरून ७० व्यासाला जायचंय. बाजूला १९ मिलिमीटर. फिनिशिंगला ०.५ ठेवलं, उरले १८.५. इथले जुने मिस्त्री म्हणतात, "एक सूत का कट मारो." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरच्या जरा वर. अंदाज उत्तम आहे. आपणही कटची खोली ३ लिहू. सॉफ्टवेअर काय करेल? सहा कट ३ चे, झाले १८. शेवटचा उरला ०.५ चा. आपल्या इन्सर्टचा नोज रेडियस ०.८. नोज रेडियसपेक्षा कमी खोलीवर रफिंगचा चिपब्रेकर चिप तोडत नाही. लांब दोऱ्यासारखी चिप निघते, जॉबला गुंडाळते, आणि ऑपरेटर हुक घेऊन ती काढत बसतो. म्हणून "समान पास" हा पर्याय चालू करा. मास्टरकॅम, फ्यूजन, सॉलिडकॅम, प्रत्येकात नाव वेगळं असेल, अर्थ एकच. मग सात कट होतात, प्रत्येक साधारण २.६४ चा. एकही कट उपाशी राहत नाही.

मशीनला हे झेपेल का? गणित सोपं आहे. वेग गुणिले खोली गुणिले फीड गुणिले मटेरियलचा विशिष्ट कर्तन बल, भागिले ६०,०००, उत्तर किलोवॅटमध्ये. अशा स्टीलला तो बल साधारण २,००० धरा. १६० गुणिले ३ गुणिले ०.३ गुणिले २,००० भागिले ६०,०००, आले ४.८. मशीनची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर मोटरवर ६ किलोवॅट. आणि मजा पाहा, पहिल्या पासचे १२० आणि ४ टाकले तरी ४.८ च येतात. वेग कमी केला म्हणून खोली परवडली. तुमची मोटर साडेपाच किलोवॅटची असेल तर आधी खोली किंवा वेग कमी करा. फीड फार खाली आणू नका, चिप तुटायची बंद होईल.

टूल निवडताना सीएनएमजी १२०४०८, ८० अंशाचा इन्सर्ट, ९५ अंशाचा होल्डर. ९५ आणि ८० मिळून १७५. म्हणजे मागच्या बाजूला फक्त ५ अंशांची मोकळी जागा. शाफ्टवर रिलीफ किंवा खाली उतरणारा उतार ५ अंशांपेक्षा जास्त असेल तर हे टूल तिथे जाऊ शकत नाही. ते काम ५५ किंवा ३५ अंशाच्या इन्सर्टला ठेवा. सॉफ्टवेअरला हे कळावं म्हणून टूल लायब्ररीत फक्त इन्सर्ट नको, होल्डरसुद्धा खऱ्या मापाचा भरा. टेलस्टॉकचा सेंटर आणि चकचे जॉसुद्धा मॉडेलमध्ये दाखवा. सेंटर लावल्यावर त्या टोकाचं फेसिंग करता येत नाही, म्हणून फेसिंग आणि सेंटर ड्रिल आधीच्या सेटअपमध्ये उरकून घ्या.

त्या फेसिंगमध्ये एक गोष्ट विसरू नका. स्थिर पृष्ठवेग, म्हणजे जी९६ लावला की व्यास कमी होईल तसे आरपीएम वाढतात. १६० मीटरला १०८ व्यासावर साधारण ४७२ आरपीएम, ७० वर ७२८, आणि १० व्यासावर ५,०९३! अंडाकृती, असंतुलित बार या वेगानं फिरवायचा का? फानुकवर जी५०, सीमेन्सवर लिम्स, वरची मर्यादा घालाच. किती, ते चक, जॉबचं वजन आणि पकड पाहून ठरवा. पोस्ट केलेल्या प्रोग्राममध्ये ही ओळ आहे का ते डोळ्यांनी पाहा.

आता सगळ्यात फसवी जागा : त्रिज्या की व्यास? कॅममध्ये एक्सचा अलाउन्स बहुधा बाजूला मोजतात. फानुकच्या जी७१ मध्ये पहिल्या ओळीतला यू म्हणजे कटची खोली, त्रिज्येवर. दुसऱ्या ओळीतला यू म्हणजे फिनिशिंगचा अलाउन्स, तो नेहमीच्या सेटिंगमध्ये व्यासावर. अक्षर एकच, हिशोब दोन. बाजूला ०.५ हवं असेल तर तिथे १.० लिहायला हवं. ०.५ लिहिलं तर बेअरिंगच्या जागेवर बाजूला पाव मिलिमीटर उरतो, आणि रफिंगच्या खुणा फिनिशिंगमध्ये निघतीलच असं नाही. खात्री करायची सोपी रीत : सिम्युलेशन संपल्यावर उरलेल्या स्टॉकचा व्यास मोजा. ७० च्या जागी ७१ दिसला पाहिजे.

मग सायकल काढायची की लांब कोड? जी७१ चा फायदा हा, की ऑपरेटर मशीनवर उभा राहून खोली एका आकड्यानं बदलू शकतो. रात्रपाळीत प्रोग्रामर घरी असतो, हे लक्षात ठेवा. पण सायकलला आधी काय कापलंय ते माहीत नसतं, ती हवेत फिरत राहते. आमच्याकडे मी असं ठेवतो : सालीचा पहिला पास आणि अवघड आकार लांब कोडमध्ये, सरळ टप्प्यांचं रफिंग जी७१ मध्ये. एक-दोन नगांच्या कामाला हे फार सोयीचं पडतं.

शेवटी, प्रोग्राम मशीनवर देताना सोबत एक सेटअप शीट द्या. बार कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती मोजला, शून्य कुठे धरलाय, जॉब चकबाहेर किती, टूल कोणतं, आरपीएमची मर्यादा किती. एवढ्या पाच ओळी पुरतात. पुढचा बार ११८ चा आला तर ऑपरेटर तुम्हाला फोन करेल, सायकल स्टार्ट दाबणार नाही. छोट्या शॉपमध्ये एक फोर्जिंग बाद झालं तर त्या ऑर्डरचा सगळा नफा गेला, वर मटेरियल पुन्हा मागवण्यात आठवडा जातो. त्यापुढे मोजमापाची पाच मिनिटं काहीच नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या शॉपमधला एक काळा बार घ्या, सहा ठिकाणी मोजा, आणि स्टॉकचा आकडा, पहिल्या कटची खोली आणि समान पास किती होतात ते कागदावर काढा. सॉफ्टवेअर त्यानंतर उघडा. उत्तरं कॉमेंटमध्ये लिहा, मी वाचतो. पुढच्या भागात फिनिशिंग आणि बेअरिंग सीटचा टॉलरन्स घेऊ.