सोबत राहतो, हे कागदावर कसं दाखवायचं?



संयोजकांनी मला ‘परदेशातल्या नोकऱ्या’ हा विषय दिला होता. त्यावर बोलायला माझ्याहून अनुभवी माणसं आपल्याच बॅचमध्ये आहेत. म्हसळा-श्रीवर्धनकडच्या कितीतरी घरांनी आखात पाहिलंय, मी सॉफ्टवेअरवाली काय वेगळं सांगणार? म्हणून त्यातला एकच कोपरा उचलते. लग्न न झालेल्या जोडीदाराला परदेशी सोबत नेता येतं का, आणि त्याला काय लागतं?

समोर बाई आणि सर बसलेत, त्यामुळे विषय जरा अवघड वाटेल. पण गेल्या तीन वर्षांत आपल्याच वर्गातल्या चौघांनी मला फोनवर हेच विचारलं, आणि प्रत्येकाने आवाज खाली करून. कोणी मुलीसाठी, कोणी भावासाठी, आणि एकीने स्वतःसाठी.

नातं कागदावर सिद्ध करण्याची वेळ आपल्या किनाऱ्यावर काही आज आलेली नाही. अलिबागच्या इस्रायल आळीतली, रेवदंड्याची, नवगावची बेने इस्रायल कुटुंबं इस्रायलला गेली ती १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’मुळे. ज्यू माणसाला तिथे येऊन राहायचा हक्क त्या कायद्याने दिला होता. देशात प्रवेश मिळाला, पण पुढे लग्नाच्या वेळी अडलं. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढल्या की बेने इस्रायल मुलामुलींचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावात ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांनी पणजीच्या लग्नाचा दाखला आणायचा कुठून? लोकांनी आंदोलन केलं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत समान असल्याचा ठराव केला आणि धर्मपीठाला सूचना बदलावी लागली.

आता आजचे नियम. अमेरिकेचं उत्तर सरळ आहे: एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो तो कायदेशीर लग्न असेल तरच. वाग्दत्तासाठी वेगळा व्हिसा आहे, पण तो अमेरिकन नागरिकाच्या वाग्दत्तालाच. दोघं मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेली हवीत आणि पोचल्यापासून ९० दिवसांत लग्न करायचं. आखातात तर प्रश्नच नको. अमिरातीने २०२० मध्ये लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा मानणं सोडलं, म्हणून काहींना वाटलं वाट मोकळी झाली. कुटुंबाच्या व्हिसाला लग्नाचा साक्षांकित दाखला अजूनही लागतोच.

कॅनडा सलग एक वर्ष एकत्र राहिल्याचा पुरावा मागतो. ऑस्ट्रेलियाही साधारण बारा महिने मागते, मात्र तिथल्या एखाद्या राज्यात नात्याची नोंदणी झालेली असेल तर ती अट सुटते. ब्रिटनमध्ये दोन वर्षं लागतात, आणि इथे एक बारीक बदल झालाय जो बऱ्याच एजंटांना अजून माहीत नाही. जोडीदार ब्रिटिश किंवा तिथे कायमचा स्थायिक असेल तर आधी ‘दोन वर्षं एकत्र राहिलेले’ असावं लागे. ३१ जानेवारी २०२४ पासून ‘दोन वर्षं लग्नासारखं नातं असलेले’ एवढं पुरतं. याच वाटेला वर्षाला किमान २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे, एप्रिल २०२४ पूर्वी ती १८,६०० होती. जोडीदार तिथे नोकरीच्या व्हिसावर असेल तर वाट वेगळी. केअर वर्कर म्हणून मार्च २०२४ नंतर नव्याने गेलेल्यांना कुटुंब नेता आलं नाही. एम.एस्सी.सारखी शिकवणीची पदव्युत्तर पदवी करणाऱ्यांनाही त्याच वर्षाच्या जानेवारीपासून बंदी आहे. मुलांची फी भरण्याआधी हे वाचा.

आता जिने स्वतःसाठी विचारलं तिच्याबद्दल, तिच्या परवानगीने आणि नाव न घेता. नवऱ्यापासून वेगळी होऊन तिला सात वर्षं झाली, घटस्फोटाचा दावा कोर्टात तारखांवर चालू आहे. निकाल लागेपर्यंत दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा. पुण्यात ती एकासोबत राहत होती, त्याला लीड्सला नोकरी लागली. तिला वाटलं आपल्याला दारच बंद. पण ब्रिटनच्या नियमात आधीचं लग्न ‘कायमचं मोडलेलं’ असावं अशी अट आहे, घटस्फोटाचा हुकूम हातात हवाच असं नाही. कोड वाचायची सवय असल्यामुळे मला अशा ठिकाणी शब्द बरोबर दिसतो.

अट तर बसली, पुरावा मात्र नव्हता. सोसायटीने लग्नाचा दाखला मागितल्यामुळे भाडेकरार फक्त त्याच्या नावावर. आधार रेवदंड्याच्या पत्त्यावर, रेशनकार्डात ती अजून वडिलांच्या घरची. म्हणजे शेजाऱ्यांपासून जे लपवलं, ते साहेबालाही दिसेना! मग शोधाशोध: कुरिअरच्या पावत्या, त्याच पत्त्यावर आलेली बँकेची पत्रं, एकाच तारखेची विमानाची तिकिटं, विम्यातलं वारसाचं नाव, वाणसामानाचे पैसे एकमेकांना पाठवल्याची दोन वर्षांची नोंद. दर महिन्याचं काहीतरी हवं, म्हणून आम्ही एक्सेलमध्ये चोवीस ओळी केल्या आणि रिकाम्या राहिलेल्या ओळींसाठी डोकं खाजवत बसलो. व्हिसा झाला, पण तो गेल्यावर आठ महिन्यांनी.

मधल्या काळात एका एजंटाने तिला सांगितलं होतं, “ताई, लग्नाचं सर्टिफिकेट करून देतो, कशाला त्रास?” हे ऐकून ठेवा. खोटा कागद पकडला गेला तर ब्रिटन दहा वर्षं दार बंद करू शकतं, आणि इकडे ती द्विभार्या-द्विपती कायद्यात सापडली असती ते वेगळंच.

दुसरा फोन भावासाठी होता. त्याचा जोडीदार पुरुष आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे भारतात लग्न करून जा हा सल्ला त्यांना देताच येत नाही. त्यांना हीच वाट. एकत्र राहणं कायद्याने किंवा तशाच अडचणीने शक्य नव्हतं अशांसाठी कॅनडात वेगळा प्रकार आहे, पण तिथेही वर्षभराचं नातं दाखवावं लागतंच. त्या घरात आई अजून बोलत नाही. फोन बहिणीने केला होता, आणि विचारत होती की दोघांचं संयुक्त खातं उघडलं तर पासबुक घरी येईल का.

त्यामुळे ज्यांची मुलं अशी राहतात, त्यांना माझी एकच विनंती. त्यांच्याशी भांडायचं असेल तर भांडा, पण भाडेकरारावर दोघांची नावं घालू द्या. महाराष्ट्रात करार ऑनलाइन नोंदवता येतो, अकरा महिन्यांनी नवा करायचा आणि जुने फेकायचे नाहीत. विजेचं बिल एकाच्या नावावर असेल तर गॅस दुसऱ्याच्या नावावर घ्यावा.

मी वकील नाही, आणि हे नियम वर्षात दोनदा बदलतात. अर्ज करण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर त्या दिवशीचा मजकूर वाचायचा. कोणाला आपले कागद दाखवायचे असतील तर जेवणानंतर मी मागच्या वर्गात बसते. दार लावून घेऊ.