येलदरीत कयाकिंग: आमचा प्लॅन तीनदा का बदलला

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत. आज पाणी.

"परभणीत कयाकिंग?" असं मला आत्तापर्यंत सगळ्यांनी विचारलंय. बाबांनी तर हसूनच घेतलं. आपलं वय आठवा ना. २०१६ ला शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आपण कॉलेजात होतो. पाणी म्हणजे टँकर, हेच डोक्यात बसलेलं.

सुरुवात यूट्यूबवरून झाली. फ्लोरिडातलं एव्हरग्लेड्स. दलदल, खारफुटी, मगरी आणि त्यातून जाणारा ९९ मैलांचा, म्हणजे साधारण १६० किलोमीटरचा जलमार्ग. कोरडी जमीन मिळत नाही म्हणून काही ठिकाणी पाण्यातच लाकडी मचाणं बांधलीत, त्यावर तंबू टाकायचा. परमिट काढायचं, माणशी रोज १ गॅलन पिण्याचं पाणी सोबत न्यायचं. मी ती अख्खी यादी कॉपी केली आणि ग्रुपवर टाकली: "भावांनो, येलदरी. २ रात्री."

येलदरी म्हणजे जिंतूर तालुक्यातलं पूर्णा नदीवरचं धरण, १९६८ चं. भरलं की ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी. हिवाळ्यात चक्रवाक येतात, बदकांचे थवे उतरतात. जागा भारीच आहे, त्यात वाद नाही.

मी सॅटेलाइट नकाशावर रूट आखला. बॅकवॉटरच्या काठाला मोकळी, सपाट जागा दिसली, तिथं 'कॅम्प' म्हणून पिन टाकली. गेल्या वर्षी ऑक्टोबरात बघायला गेलो, तर पिन पाण्यात! नकाशातला फोटो उन्हाळ्यातला होता. इंजिनिअर माणूस, आणि डेटाची तारीख बघितली नाही.

मार्चमध्ये परत गेलो. पाणी बरंच मागं सरकलेलं, पिन वर आलेली. मी उत्साहात चालत गेलो आणि गुडघ्यापर्यंत गाळात. एक चप्पल अजून तिथंच आहे. थोडं वर, जिथं गाळ वाळला होता, तिथं गाळपेर. हरभरा निघालेला, टरबुजाचे वेल पसरलेले. म्हणजे मला जी 'मोकळी जागा' दिसत होती, ती कुणाचं तरी रान होतं. तिथं तंबू कसा ठोकणार? कॅम्प रद्द. मुक्काम गावातच, विचारून.

तिथं एक मासेमारी करणारे मामा भेटले. थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेले. मी त्यांना प्लॅन दाखवला: सकाळी १० ला निघायचं, मधोमध सरळ पलीकडं. ते म्हणाले, "लेकरांनो, १० ला तर आम्ही परत येतो. दुपारी वारं सुटलं की मधी लाटा उठतात." आमच्या कयाक हवा भरायच्या, पुण्याहून भाड्यानं आणायच्या. हलक्या. वारा त्यांना पाल्यासारखा ढकलतो. जाळ्यांचं पण त्यांनीच सांगितलं. प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसल्या की तिथून लांबून जायचं, खाली जाळं असतं. ते तुटलं तर त्यांचा दिवस गेला.

आणि धरणाच्या खालच्या अंगाला, सिद्धेश्वरकडं जाणारं पात्र शांत दिसतं, पण तिथं उतरायचं नाही. वर वीजघर आहे. पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं.

पण सगळ्यात अवघड प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारला. ग्रुपवर एकच पोल टाकला: पोहता कुणाला येतं? ५ जण. दोघांनी लगेच 'हो'. बाकी तिघांचं दोन दिवस काहीच नाही. मग एकानं रात्री फोन केला. "सगळ्यांसमोर सांगायला लाज वाटली रे. विहिरीला पाणीच नव्हतं, शिकणार कुठं?" आमच्या बाबांच्या पिढीनं पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारल्या. आमच्या लहानपणी त्याच विहिरींचा तळ दिसायचा. तो पोल टाकला नसता, तर हा पोरगा तसाच कयाकमध्ये बसला असता. लाजेपायी.

तर आताचा प्लॅन ऐका. जलसंपदा विभागाकडं अर्ज दिलाय, परवानगी हातात आल्याशिवाय कयाक बुक करायच्या नाहीत. डिसेंबर. एकच दिवस. उजाडलं की पाण्यात, ९ ला बाहेर. काठापासून ५० मीटरच्या आत. लाइफ जॅकेट पाचही जणांना, पोहणाऱ्यांना पण. थवा बसलेला दिसला की वळायचं, ड्रोन घरी ठेवायचा.

आणि तो पोरगा सध्या रोज सकाळी मामाच्या शेतातल्या विहिरीत उतरतोय. यंदा पाणी आहे. पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून. काल त्यानं व्हिडिओ पाठवला, कॅन सोडून चार हात मारलेत.