वीस गुणांचा काटा

 

कॉपीचा विषय निघाला की सगळ्यांना भरारी पथक आठवतं. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 1982 पासून कायदा आहे. 2025 मध्ये तर ज्या केंद्रांवर आधी गैरप्रकार सापडले होते, तिथे पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांतून आणले. शिक्षक म्हणून मला ते टोचलं, पण अन्याय वाटला नाही.

मला बोलायचं आहे ते पथक जिथे येतच नाही त्या जागेबद्दल. दहावीच्या भाषा विषयांत 80 गुण लेखी, 20 शाळेच्या हातात. 2019 ला मंडळाने हे 20 गुण काढून घेतले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. ओरड झाली, गुण परत मिळाले, 2020 चा निकाल 95.30 टक्के. 2019 ला अभ्यासक्रम नवा होता, 2020 ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला. तेव्हा सगळा फरक या गुणांचाच, असं मी म्हणणार नाही. पण तोंडी परीक्षा न घेताच 18-19 लिहून टाकणं किती सोपं असतं, ते आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे.

पांढरकवड्यात काटा मारणं म्हणजे काय, हे कोणाला समजवावं लागत नाही. कापूस मोजताना क्विंटलमागे किलोभर गेला तरी शेतकरी भांडतो. फुकट गुण मिळाले तर कोणीच भांडत नाही. बाप खूश, संस्था खूश, चौकात फ्लेक्स लागतो. अकरावीत पोराला साधा अर्ज लिहिता येत नाही, तेव्हा घट कळते. मापात खोट करणाऱ्यांवर कुरआनात एक सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. ती दुकानदारांसाठी आहे असं समजून आपण पुढे जातो. मास्तरांचा लाल पेनही काटाच आहे की!

मुलं हे सगळं पाहतात. विकतची प्रकल्पवही आणणाऱ्याला 19 आणि रात्री जागून स्वतः लिहिणाऱ्या मुलीलाही 19. मग त्या मुलीला कॉपीमुक्तीची शपथ कोणत्या तोंडाने द्यायची? 2021 मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेचा, टीईटीचा घोटाळा उघडकीस आला. परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. पुढे 7 हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. तेही कधीतरी कोणाच्या तरी वर्गात बसले होते.

विनाअनुदानित शाळेतला, तुटपुंज्या पगारावरचा शिक्षक संस्थेला एकटा नाही म्हणू शकत नाही, हे मी जाणतो. म्हणूनच तुमच्यासमोर बोलतोय. तुम्ही कोणाचे तरी मोठे भाऊ आहात, बाजी आहात. मार्चमध्ये केंद्राच्या भिंतीपाशी जाण्यापेक्षा जुलैत शाळेत जा. निकाल किती टक्के लागला, हे विचारू नका. तोंडी परीक्षा कोणत्या तारखेला आहे, ते विचारा. माझ्या वर्गाची तोंडी परीक्षा मी दार उघडं ठेवून घेतो. मागच्या बाकावर जागा असते, येऊन बसा.