काळा धूर आणि पीयूसीची चिठ्ठी

मंडळी, व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कार्बोरेटरवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. पण इथे बसलेल्यांपैकी काहींचं पोट ताडोबाच्या गेटवर उभ्या असलेल्या जिप्सीवर चालतं आणि काहींच्या अंगणात वडिलांच्या काळची जीप आहे. "भाऊ, गाडी लय पेट्रोल पिऊन राहिली," अशी तक्रार गॅरेजात पोचली की आधी स्क्रू-ड्रायव्हर हातात येतो आणि मिक्स्चरचा स्क्रू अर्धा फेरा फिरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा.

मारुतीने जिप्सी आणली डिसेंबर १९८५ मध्ये. इंजिन ९७० सीसीचं, कार्बोरेटरवरचं. १९९६ मध्ये १२९८ सीसीची किंग आली, २००० मध्ये तिला कार्बोरेटरऐवजी एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल-इंजेक्शन, मिळालं, आणि २०१९ च्या सुमारास गाडी बंद झाली. कंपनीने डिझेल जिप्सी कधी काढलीच नाही. म्हणजे आज जंगलात फिरणारी प्रत्येक जिप्सी आता जुन्यात जमा आहे, आणि तिच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ पेट्रोल-हवेच्या हिशेबात सापडतं.

हा हिशेब असा: एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली किंवा पेट्रोल जास्त गेलं की मिश्रण रिच झालं. मग सायलेन्सरमधून काळा धूर येतो, डोळे चुरचुरतात, स्लोवर गाडी घुटमळते, प्लगवर कोरडी काजळी धरते. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा असेल आणि इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जातंय. ती दुखणी वेगळी. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली दिसत असेल, तर गाडी तशीच चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

आता आपल्या भागातली खरी अडचण. सफारीची गाडी तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगते, वाघ दिसला की थांबते, पुन्हा सुरू होते. अशा चालीत प्लग पुरेसा तापतच नाही, त्यामुळे मिश्रण बरोबर असलं तरी तो काळा पडतो. असा प्लग बघून कार्बोरेटर खोलणं म्हणजे निव्वळ अन्याय. स्वच्छ प्लग लावा, चंद्रपूर रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने पंधरा-वीस किलोमीटर न्या, मोकळी जागा बघून इंजिन बंद करा, बाजूला थांबा आणि थंड झाल्यावर प्लग काढा. टोक फिकट तपकिरी निघालं तर गाडी निरोगी आहे.

तरीही काळाच निघाला, तर हवेपासून सुरुवात करा. उन्हाळ्यात समोरच्या गाडीची धूळ मागच्या गाडीच्या एअर फिल्टरमध्ये जाऊन बसते. फिल्टर काढून उजेडासमोर धरला की कळतं. त्यात आपलं ऊन. जानेवारीच्या पहाटे बारा अंश आणि मेच्या दुपारी शेहेचाळीस, एवढ्या फरकाने हवा दहा टक्के विरळ होते आणि त्याच जेटवर कार्बोरेटरचं मिश्रण सुमारे पाच टक्के रिच होतं. हिवाळ्यात जमवलेलं ट्युनिंग मेमध्ये बिघडल्यासारखं वाटतं ते यामुळे.

मग चोक. केबल गंजली की झडप अर्धवट मिटलेली राहते आणि चालकाला पत्ता नसतो. एअर क्लीनर उघडून डोळ्यांनी बघा. त्यानंतर फ्लोट. पिनवर कचरा अडकला किंवा फ्लोटला भोक पडलं की पेट्रोलची पातळी चढते. इंजिन बंद केल्यावर कार्बोरेटरच्या घशात पेट्रोल ठिबकताना दिसलं, तर तिथेच थांबा, दोष सापडला.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून सगळं खापर त्याच्यावर फुटतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याने मिश्रण उलट लीन होतं. ॲव्हरेज मात्र घटतं, कारण त्यात ऊर्जाच कमी. काळा धूर नाही, नुसतं ॲव्हरेज घटलं, तर गाडी रिच झाली असं म्हणू नये. हां, जुन्या टाकीतला मळ सुटून फ्लोटच्या पिनपर्यंत येणं आणि जुनं रबर फुगणं, हे दोन दोष त्याच्या पदरात टाकायला हरकत नाही.

एमपीएफआयवाल्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाडी तापेल या धास्तीने थर्मोस्टॅट काढून टाकायची रीत आपल्याकडे फार आहे. थंडीच्या सकाळी असं इंजिन नीट गरमच होत नाही, कॉम्प्युटर त्याला थंड समजतो आणि जास्तीचं पेट्रोल देत राहतो. तापमानाचा सेन्सर बिघडून इंजिन थंड असल्याचं दाखवू लागला तरी हेच होतं. प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी ओढून बघा. तिच्यात पेट्रोल निघालं तर आतला पडदा फाटलेला आहे.

आणि आता पीयूसी. ती चिठ्ठी आपण काचेला लावतो, दंड चुकवतो, वाचत कोणी नाही. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचा आकडा असतो. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकीला मर्यादा आहे ३ टक्के आणि १५०० पीपीएम. स्टेज दोन आणि तीनच्या गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५०. कार्बन मोनॉक्साइड चढलेला असेल तर मिश्रण रिच आहे. तो कमी आणि हायड्रोकार्बन फार असेल, तर प्लग, वायर, टॅपेट किंवा कॉम्प्रेशन बघा. गाडी मिस मारतेय, स्क्रूला हात लावू नका. केंद्रवाल्याला विनंती करून स्लोवर एकदा आणि अडीच हजार फेऱ्यांवर एकदा आकडा घ्या. स्लोवरच वाईट असेल तर स्लो सर्किट किंवा फ्लोट. वेग वाढवल्यावर बिघडत असेल तर फिल्टर, चोक, मेन जेट.

कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन आणि गंधहीन आहे. वाघ दिसल्यावर इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या रांगेत तो उघड्या जिप्सीत बसलेल्या पर्यटकांच्या आणि त्याहून जास्त, रोज दोन फेऱ्या करणाऱ्या चालक-गाइडच्या छातीत जातो. म्हणून गाडीमालकांना विनंती आहे: पुढच्या वेळी पीयूसी केलीत की दोन्ही आकडे तारखेसह गाडीच्या वहीत लिहा, आणि गॅरेजात जाताना ती वही मेकॅनिकच्या हातात द्या.